वाचकांचे प्रश्न : इंग्रजी कळतं, पण बोलायला गेलं की दातखीळ बसते

या वेळी आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच विषयाची निघाली, म्हणून सगळी जागा त्यांनाच देतेय. विषय माझ्या फार जवळचा आहे. मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, आणि आता पुण्यात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करतेय. ज्वारीच्या रोगांवर काम आहे. इंग्रजी बोलायची भीड चेपायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली, ती कशी गेली ते अजून लख्ख आठवतंय.

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. इंग्रजी वाचलं की कळतं, पेपर पण इंग्रजीतच लिहिते आणि फर्स्ट क्लास येतो. पण सरांनी उभं केलं की तोंडातून शब्द फुटत नाही. मागच्या महिन्यात सेमिनारला दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. घरी कुणाला सांगितलं नाही. मला एम.एस्सी.ला पुण्याला यायचंय पण तिथे सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात म्हणे. मी काय करू? प्लीज नुसतं कॉन्फिडन्स ठेव असं सांगू नका, ते सगळेच सांगतात.

उत्तर : नाही सांगत. मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की कॉन्फिडन्स म्हणजे काहीतरी घरून आणायची वस्तू आहे आणि ती माझ्या दप्तरात कुणी घातलीच नाही.

आधी एक साधा हिशोब बघ. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे तू आणि मी, आपण पहिलीपासून शिकलेल्या. बारावीपर्यंत धरलं तर बारा वर्षं झाली, आणि लोक विचारतात की बारा वर्षं शिकून बोलता कसं येत नाही. पण आमचा इंग्रजीचा तास असायचा ३५ मिनिटांचा आणि वर्गात आम्ही ५२ मुलं. सरांनी स्वतः एक शब्द न बोलता सगळा तास आम्हाला वाटून दिला असता तरी एकेकाच्या वाट्याला ४० सेकंद आली असती, आणि तेवढीही कधी आली नाहीत कारण सर वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे आणि आम्ही उत्तरं उतरवून घ्यायचो. दहावीला तोंडी परीक्षेचे २० गुण असतात ना, ते आम्हाला सगळ्यांना जवळपास पूर्ण मिळाले आणि मला आठवतंय की मी त्यासाठी फक्त माझं नाव आणि एक कविता म्हटली होती. तेव्हा आनंद झाला होता. आता वाटतं की ते २० गुण कमी पडले असते तरी चाललं असतं, कुणीतरी आम्हाला पाच मिनिटं बोलायला लावायला हवं होतं.

तर तुझं इंग्रजी कच्चं नाहीये. जी मुलगी रसायनशास्त्राचा पेपर इंग्रजीत लिहून फर्स्ट क्लास आणते तिला भाषा येते. तुझ्या तोंडाला सवय नाही, एवढंच. पोहण्याचं पुस्तक बारा वर्षं वाचलं म्हणून विहिरीत पडल्यावर हातपाय हलत नाहीत गं. आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण तुला पाण्यात कुणी उतरवलंच नव्हतं.

आता माझं सांगते. एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला १५ मिनिटांचा सेमिनार होता. मी नऊ पानं लिहून काढली, पंधरा दिवस पाठ केली, हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री म्हणून बघितली. उभी राहिले आणि दुसऱ्या पानावर एक शब्द आठवेना. साधा शब्द होता, पण पाठ केलेल्याची माळ असते ना, एक मणी निसटला की सगळी ओघळते. मी तशीच उभी होते, कान गरम झाले, जीभ टाळूला चिकटली, आणि मग सॉरी म्हणून बसले. कुणी हसलं नाही खरं तर. पण त्यानंतर दोन-अडीच महिने मी लॅबमध्ये कुणाला काही विचारलंच नाही. शंका विचारायची तर इंग्रजीत विचारावी लागेल म्हणून शंकाच गिळायची. त्यात एकदा इन्क्युबेटर किती तापमानावर ठेवायचा ते विचारलं नाही, अंदाजाने ठेवला, आणि आठवडाभर वाढवलेली बुरशीची सगळी कल्चर वाया गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे गप्प बसणं महागात पडतंय, फक्त मनाला नाही, कामाला पण.

आणि मग जे झालं ते काही ठरवून झालं नाही. आमच्या शेजारच्या लॅबमध्ये सुदानची एक मुलगी होती. पुण्यात आफ्रिकेतले, अरब देशांतले बरेच विद्यार्थी शिकायला येतात, तशी ती. माझ्या टेबलावर गावाकडून आणलेली ज्वारीची वाळलेली ताटं पडली होती, ती बघून ती थांबली आणि विचारलं, सोर्गम? याला काय झालं? आता ज्वारीचा खडखड्या रोग मी लहानपणापासून बघितलेला, वडिलांच्या शेतात. फुलोऱ्यानंतर जमिनीतली ओल संपली की बुडखा आतून पोखरतो, आणि एक दिवस सकाळी जाऊन बघावं तर उभं पीक आडवं झालेलं असतं. मी तिला म्हटलं, "स्टेम ब्रेक्स. फार्मर गोज इन द मॉर्निंग, ऑल फॉलन. इनसाइड, ब्लॅक डॉट्स. लाइक पेपर पावडर." आणि ताट उभं चिरून दाखवलं, आत मिरपूड पसरावी तसे काळे ठिपके. ती म्हणाली आमच्याकडे पण ज्वारीच खातात, आंबवलेल्या पिठाची पातळ भाकरी करतात, किसरा म्हणतात तिला. मग तिला आपली भाकरी कशी करतात ते ऐकायचं होतं. 'थापणे' या शब्दाला मला इंग्रजी सुचेना, मी हातानेच करून दाखवलं, ती हसली, मी हसले, आणि खोलीवर गेल्यावर लक्षात आलं की आपण वीस मिनिटं इंग्रजीत बोललो. बारा वर्षांत एवढं बोलले नव्हते.

त्या वीस मिनिटांवर मी नंतर खूप विचार केला. तिथे वेगळं काय होतं? एक तर मला विषय आतून माहीत होता, पाठ केलेला नव्हता. दुसरं, तिला खरंच ऐकायचं होतं, ती माझी परीक्षा घेत नव्हती. आणि तिसरी गोष्ट जी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. ती प्लँटला 'ब्लँट' म्हणायची आणि पेपरला 'बेबर', कारण अरबीत 'प' हा आवाजच नाहीये. तिला ते माहीत होतं. समोरच्याला कळलं नाही तर ती दुसऱ्या शब्दांत सांगायची, नाही तर लिहून दाखवायची, आणि पुढे जायची. तिला इंग्रजी बोलायचं नव्हतंच मुळी, तिला काम करून घ्यायचं होतं, आणि इंग्रजी त्या कामाचं अवजार होतं. मी मात्र अवजार हातात धरून ते किती चकचकीत आहे तेवढंच बघत बसले होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की जे लोक तुझं इंग्रजी तपासतात त्यांच्यासमोर सराव करू नकोस. ज्यांना तुझ्याकडून काहीतरी समजून घ्यायचंय त्यांच्यासमोर कर. तुझ्या कॉलेजात परदेशी मुली नसतील, पण तुझ्यासारखीच गप्प बसणारी एखादी मैत्रीण नक्की आहे, मागच्या बाकावर बघ. दोघींनी रोज २० मिनिटं ठरवून घ्या. मी आणि हॉस्टेलमधली दुसरी एक मुलगी मेसवरून परत येताना बोलायचो, जेवढा रस्ता तेवढं इंग्रजी, गेटपाशी आलं की मराठी. रस्ता छोटा होता म्हणूनच ते टिकलं.

दुसरं, आपण अडतो कुठे ते समजून घे, कारण ते कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. आपण मराठीत वाक्य जमवतो आणि मग त्याचं इंग्रजी करतो. आता मराठीत क्रियापद शेवटी येतं. "काल जिल्ह्याहून आलेल्या मॅडमनी आमच्या लॅबमधल्या नवीन मशीनबद्दल मुलींना विचारलं." यात 'विचारलं' सगळ्यात शेवटी, आणि इंग्रजीला ते 'मॅडम'च्या लगेच पुढे हवं असतं. म्हणजे आख्खं वाक्य डोक्यावर पोत्यासारखं उचलून धरायचं, ते उलटं करायचं आणि मग बोलायचं. लिहिताना वेळ असतो म्हणून जमतं. बोलताना समोरचा तोंडाकडे बघत असतो आणि पोतं खाली पडतं. मी काय केलं, तर आधी फक्त कोण आणि काय केलं एवढंच बोलून टाकायचं, बाकीचं मागून. "मॅडम आस्क्ड द गर्ल्स." झालं, वाक्य उभं राहिलं. मग "अबाउट द न्यू मशीन." मग "यस्टरडे." मध्ये श्वास घेतला तरी चालतो. दोन शब्दांत वाक्य उभं राहिलं की समोरच्याला धीर येतो आणि आपल्याला पण.

आणखी एक मराठीची सवय सांगते, ही मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नाही, माझी मलाच सापडली. आपल्याकडे किती गोष्टी 'मला' होतात बघ. मला आठवतंय, मला भीती वाटते, मला ताप आलाय, मला उशीर झाला, मला दोन भाऊ आहेत. ही वाक्यं सुरूच 'मला'पासून होतात म्हणून मी इंग्रजीत 'मी' (म्हणजे आपलं 'मला') म्हणून अडून बसायचे, पुढे काय लावायचं कळेना. इंग्रजीत यातलं जवळपास सगळं सरळ 'आय'पासून सुरू होतं. आय रिमेंबर, आय ॲम अफ्रेड, आय हॅव फीव्हर, आय ॲम लेट, आय हॅव टू ब्रदर्स. मी अशी तीस-चाळीस वाक्यं वहीत लिहिली आणि चालता चालता म्हणत राहिले. आणि 'तू आली नाहीस?' याला आपण 'हो, नाही आले' म्हणतो ना, इंग्रजीत तिथे 'नो' म्हणायचं, 'नो, आय डिडन्ट.' यात माझा तर एकदा गाइडशी चांगलाच गोंधळ झाला होता, त्यांना वाटलं सॅम्पल गोळा झालेत आणि झाले नव्हते.

आता सरावाची पद्धत. न्यूझीलंडचे पॉल नेशन नावाचे भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी प्रचारात आणलेला एक प्रकार आहे, चार-तीन-दोन. एकच विषय घ्यायचा आणि एका माणसाला चार मिनिटांत सांगायचा. मग तोच विषय दुसऱ्या माणसाला तीन मिनिटांत. मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. विषय तोच, माणूस नवा, वेळ कमी. पहिल्या वेळी शब्द शोधण्यात वेळ जातो, तिसऱ्या वेळी शब्द तोंडात आलेले असतात. मी याने खूप सुधारले, खरं सांगते. तीन माणसं मिळत नसतील तर मोबाइलवर रेकॉर्ड कर, तीनदा. पहिली दोन रेकॉर्डिंग ऐकायची पण गरज नाही, तिसरं ऐक. स्वतःचा आवाज आवडत नाही सुरुवातीला, कुणालाच आवडत नाही, आठ-दहा दिवसांनी त्याकडे लक्ष जायचं बंद होतं. विषय मात्र तुझ्या घरातला घे. कापूस कसा वेचतात, आई लोणचं कसं घालते, तुमच्या बसस्टँडवरून कॉलेजला कसं जायचं. ग्लोबल वॉर्मिंगवर बोलायला जाऊ नकोस, त्यात मतही शोधावं लागतं आणि शब्दही.

अवघड शब्दांची यादी पाठ करत असशील तर आजच थांब. मी एक महिना त्यात घालवला. याच नेशन यांनी २००६ साली हिशोब मांडला होता की रोजच्या बोलण्यातले जवळपास ९५ टक्के शब्द सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या ३,००० शब्दकुळांमधलेच असतात. शब्दकुळ म्हणजे राइट, रायटर, रिटन असे एका घरातले शब्द. यातले बरेचसे तुला आत्ताच येतात, तू पेपरात लिहितेस ते. ते वहीतून उचलून जिभेवर आणायचेत, नवीन माल भरायची घाई नाही.

आणि भीतीबद्दल. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी परक्या भाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची एक प्रश्नावली केली. त्यात वर्गात आपलं नाव पुकारणार हे कळलं की अंग थरथरतं असं एक विधान आहे, आणि बोलले तर बाकीचे हसतील असंही एक आहे. मी ती लायब्ररीत वाचली तेव्हा एकामागून एक हो, हो, हो असं म्हणत गेले. जी गोष्ट मी माझ्या गावाची, माझ्या शाळेची, माझ्या घरची कमी समजत होते तिची भीती मोजायला परदेशात प्रश्नावली करावी लागली होती! म्हणजे ती तिकडच्या मुलांनाही वाटते, स्पॅनिश नाही तर फ्रेंच बोलताना. मला त्या दिवशी खूप हलकं वाटलं.

अडखळल्यावर काय करायचं हेही आधीच ठरवून ठेव. मराठीत बोलताना आपण 'ते हे... काय म्हणतात त्याला...' असं किती वेळा म्हणतो, आणि त्यावरून कुणी आपल्याला मराठी येत नाही असं म्हणत नाही. तसंच इंग्रजीत 'लेट मी थिंक', 'हाऊ डू आय से इट', 'आय विल शो यू' ही तीन वाक्यं खिशात ठेव. माझ्या त्या सेमिनारला यातलं एक जरी माझ्याकडे असतं तरी मी बसले नसते.

पुण्यात सगळे फाडफाड बोलतात हे खरं नाही. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं लातूर, सोलापूर, धुळे, नांदेड अशा जिल्ह्यांतून आलेली होती, आणि पहिला महिना सगळेच एकमेकांना घाबरून गप्प होते. तू ये. पुढचा सेमिनार कधी आहे ते लिहिलं नाहीस, तो झाला की कळव. घरी पण सांग. निदान आईला.

प्रश्न : मी सांगलीचा. डिप्लोमा झालाय, आता आयर्लंडला पुढे शिकायला जायचं म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतोय. बोलता येतं पण माझा ॲक्सेंट एकदम गावठी आहे असं मित्र म्हणतात. व्हिडिओ बघून अमेरिकन ॲक्सेंट शिकतोय, तीन महिने झाले. मार्क कटतील का?

उत्तर : ॲक्सेंटसाठी मार्क कटत नाहीत. त्या परीक्षेतला बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो आणि त्याचे तीन टप्पे असतात. दुसऱ्या टप्प्यात एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. मार्क चार गोष्टींना सारखेच आहेत, ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, आणि उच्चार. उच्चारात तुझं बोलणं समोरच्याला कष्ट न पडता कळतंय का हे बघतात, तू सांगलीचा वाटतोस की शिकागोचा हे नाही. ते तीन महिने तू त्या दोन मिनिटांच्या सलग बोलण्यावर दिले असतेस तर जास्त फायदा झाला असता असं मला वाटतं, अजूनही दे.

आणि गावठी हा शब्द मित्रांकडून घेऊ नकोस. मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळाल्यात. आपल्याकडे ॲ आणि ऑ लिहायला वेगळ्या खुणा आहेत, त्यामुळे बॅट, बॉल, कॉलेज आपण सरळ म्हणतो. स्कूल, स्टेशन म्हणताना आपण आधी 'इ' लावत नाही. हे कमी नाहीये.

काम कशावर करायचं ते सांगते. व्हॅन आणि वन, व्हाइन आणि वाइन. आपण लिहिताना व्ह आणि व असा फरक करतो पण बोलताना दोन्ही एकाच ठिकाणी आणतो. व्हला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, वला ओठांचा चंबू. आरशात बघून कर. मग झू, झिरो यातला आवाज, तो 'जीव'मधला ज नाही, 'जागा'मधल्या ज च्या जवळचा आहे, आणि त्यात ह चा श्वास मिसळायचा नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारखी म्हणतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबतात. हॉटेलमध्ये जोर 'टेल'वर, डेव्हलपमध्ये 'व्हे'वर. फोटोग्राफमध्ये पहिल्या 'फो'वर आणि फोटोग्राफरमध्ये तोच सरकून 'टॉ'वर जातो. चुकीच्या अक्षरावर जोर गेला की ओळखीचा शब्दही समोरच्याला कळत नाही, यावर महिना दे.

प्रश्न : मॅडम, आमच्या गावात '३० दिवसांत फाडफाड इंग्रजी' असा क्लास निघालाय. फी ९,००० रुपये. वडील रिक्षा चालवतात, ते भरतो म्हणतायत. मी बी.कॉम.ला आहे. लावू का?

उत्तर : पैसे भरायच्या आधी एक दिवस वर्गात बसू देतात का विचार, आणि घड्याळ लावून बघ की एक मुलगा तासाभरात किती मिनिटं बोलतो. शिकवणारे किती छान बोलतात ते बघू नकोस, ते बोलणारच. एका बॅचमध्ये ४० मुलं असतील आणि सर फळ्यावर काळ शिकवत असतील तर तो परत शाळेचाच तास झाला. ८-१० मुलं असतील, प्रत्येकाला रोज पाच-सात मिनिटं तरी बोलायला मिळत असेल आणि चुकल्यावर वाक्य पूर्ण करू देत असतील तर विचार करायला हरकत नाही. ३० दिवसांत फाडफाड होत नाही, मला दोन वर्षं लागली हे वर लिहिलंय. आणि वडिलांनी भरतो म्हटलं म्हणून तुला ओझं वाटत असेल तर आधी महिनाभर वरचं चार-तीन-दोन मित्राबरोबर करून बघ, त्याला एक रुपया लागत नाही. महिन्यानंतर क्लासला गेलास तरी तुझ्याकडे बोलायला काहीतरी असेल.

प्रश्न : ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि आपली हुशार मुलं इंग्रजी बोलता येत नाही म्हणून रडतायत. मी निवृत्त शिक्षक आहे. तुमच्यासारख्यांनी हा न्यूनगंड वाढवू नये असं वाटतं.

उत्तर : सर, तुमची तळमळ कळते आणि ती मला परकी नाही. पण वरच्या पहिल्या पत्रातली ती मुलगी इंग्रजीसाठी रडत नाहीये, तिला जे येतंय ते सांगता येत नाही म्हणून रडतेय. एक अनुभव सांगते. गेल्या वर्षी गावाकडे शेतकऱ्यांच्या बैठकीत मला खडखड्या रोगावर बोलायला सांगितलं, अर्थात मराठीत, आणि सर, मी अडखळले. माझी मायबोली, माझंच गाव, समोर काका-मामा बसलेले, आणि मला शब्द सुचेनात, कारण पाच वर्षं तो विषय मी फक्त इंग्रजीत वाचला आणि बोलला होता. मायसेलियम, होस्ट, मॉइश्चर स्ट्रेस, सगळं तसंच तोंडात येत होतं आणि समोरची माणसं आदराने गप्प बसून ऐकत होती, कळत नसताना. मला त्याचं फार वाईट वाटलं, त्या सेमिनारपेक्षा जास्त.

त्या रात्री मी घरी तेच केलं जे इंग्रजीसाठी केलं होतं. आईला चार मिनिटांत सांगितलं, भावाला तीन मिनिटांत, आणि मग वडिलांना दोन मिनिटांत, की बाबा, बुरशी मातीतच असते, पीक तहानलं की ती मुळातून वर चढते, म्हणून फुलोऱ्यात आणि दाणा भरताना रानात ओल टिकली पाहिजे, आणि एकच पाणी द्यायला जमणार असेल तर ते तेव्हासाठी राखून ठेवा. वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग हे सकाळी बैठकीत का नाही सांगितलंस? यंदा मी परत जाणार आहे, पेरणीच्या आधी.